जादा गेलेली रक्कम परत मिळवताना...

घराच्या रंगकामाचे १८,५०० रुपये कंत्राटदाराला द्यायचे असतात. मोबाइलवर घाईत एक शून्य जास्त पडते आणि १,८५,००० रुपये त्याच्या खात्यात जाऊन पडतात. कधी घरभाडे स्थायी सूचनेनुसार आपोआप वळते होते आणि त्याच दिवशी भाडेकरूही ते स्वतः भरून मोकळा होतो. चूक ध्यानात येताच प्रत्येक जण प्रथम बँकेकडे धाव घेतो आणि ‘आम्ही काही करू शकत नाही’ हे उत्तर ऐकून हवालदिल होतो. वास्तविक पैसे परत मिळवण्याचा मार्ग आहे. मात्र त्याची किल्ली बँकेपेक्षा पैसे मिळालेल्या व्यक्तीच्या हाती अधिक असते.

बँकेचे हात बांधलेले का?

धनादेश वटण्यापूर्वी तो थांबवण्याची सूचना देता येते. इलेक्ट्रॉनिक व्यवहारात तेवढी उसंत मिळत नाही. आयएमपीएस आणि यूपीआयमधून पैसे काही क्षणांतच पोहोचतात. एनईएफटीच्या रकमा अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी पुढे जातात आणि डिसेंबर २०१९ पासून ही सेवा चोवीस तास सुरू आहे. पैसे जमा करताना बँकेने केवळ खातेक्रमांकाचा आधार घ्यावा आणि तो अचूक देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची राहील, असे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० मध्येच स्पष्ट केले होते. दिलेला खातेक्रमांक अस्तित्वात नसेल तर रक्कम आपोआप परत येते. खरी अडचण ते खाते चालू असल्यास उद्भवते.

एकदा जमा झालेली रक्कम ही त्या खातेदाराची ठेव ठरते. त्याच्या संमतीविना किंवा सक्षम आदेशाविना ती काढून घेण्याचा अधिकार बँकेला नसतो. खातेदाराचा पत्ता अथवा दूरध्वनी क्रमांक तिसऱ्या व्यक्तीला देण्यासही गोपनीयतेचे बंधन आड येते. ग्राहकाच्या परवानगीविना झालेल्या व्यवहारांसाठी असलेले संरक्षण येथे लागू होत नाही, कारण व्यवहार ग्राहकाने स्वतःच केलेला असतो. म्हणूनच चुकीला ‘फसवणूक’ ठरवून पोलिसांत तक्रार देण्याचा मोह टाळावा. खोटी तक्रार अंगाशी येऊ शकते आणि समोरचा माणूसही विनाकारण दुखावतो.

पहिल्या दिवशी काय करावे?

पैसे ओळखीच्या माणसाकडे गेले असतील तर त्याला फोन करावाच, पण तेवढ्यावर थांबू नये. देय रक्कम किती होती, प्रत्यक्षात किती गेली आणि जादा किती हे तीन आकडे संदेशात अथवा ई-मेलमध्ये स्पष्ट लिहावेत. वरील उदाहरणात जादा रक्कम १,६६,५०० रुपये होते. हा संदेश त्याच दिवशी गेला, तर ‘ते पैसे पुढच्या कामाची आगाऊ रक्कम समजलो’ असे म्हणण्यास वाव राहत नाही. रक्कम पुढील बिलात वळती करून घेण्याचे ठरल्यास तेही लेखी असावे.

त्याच वेळी आपल्या बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्यावा. त्यात व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि दोन्ही खात्यांचा तपशील नमूद करून पोच घ्यावी. आपली बँक समोरच्या बँकेला कळवते आणि ती बँक खातेदाराची संमती मागते. पैसे अनोळखी व्यक्तीकडे गेले असतील तर तिच्यापर्यंत पोहोचण्याचा हाच सरळ मार्ग असतो. बँकेने तक्रारीची दखल घेतली नाही आणि ३० दिवस उलटले, किंवा तिचे उत्तर असमाधानकारक वाटले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. अर्थात लोकपाल बँकेच्या सेवेतील कसूर तपासतो. पैसे दडपून बसलेल्या खातेदाराला तो आदेश देऊ शकत नाही.

कायदा कोणाच्या बाजूने?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ नुसार चुकीने मिळालेले पैसे परत करणे घेणाऱ्यावर बंधनकारक आहे. पाठवणाऱ्याचा निष्काळजीपणा होता एवढ्या कारणावरून रक्कम घेणाऱ्याची होत नाही. त्यामुळे विनंतीला दाद न मिळाल्यास वकिलामार्फत नोटीस आणि त्यानंतर दिवाणी दावा हा मार्ग उरतो. मुदत साधारणपणे तीन वर्षांची असून, चूक लक्षात आल्यापासून किंवा वाजवी दक्षता घेतल्यास ती ज्या दिवशी लक्षात आली असती, त्या दिवसापासून ती मोजली जाते. दाव्याआधी विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून तडजोडीचा प्रयत्नही करता येतो. पैसे आपले नाहीत हे कळूनही अप्रामाणिकपणे ते वापरणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली कारवाई होऊ शकते.

न्यायालयाचा रस्ता मात्र लांबचा असतो. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेत सिटीबँकेने रेव्हलॉन कंपनीच्या कर्जदात्यांना केवळ व्याज देण्याऐवजी चुकून सुमारे ९० कोटी डॉलर पाठवले. काहींनी सुमारे ५० कोटी डॉलर परत करण्यास नकार दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल बँकेच्या विरोधात गेला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अपिलात तो फिरला. एवढ्या बलाढ्य बँकेलाही दोन वर्षे ताटकळावे लागले.

दुसरी बाजू

आपल्या खात्यात अनपेक्षित रक्कम आली तर ती खर्च करू नये. मात्र ‘चुकून पैसे आले, या क्रमांकावर परत पाठवा’ असा फोन येताच घाईही करू नये. भामटे जमा झाल्याचा बनावट एसएमएस पाठवून खरे पैसे उकळतात. आधी खाते तपासावे, रक्कम खरोखर आली असल्यास बँकेला कळवावे आणि ज्या खात्यातून आली तिथेच बँकेमार्फत ती परत जाऊ द्यावी.

एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते. नाव पाहून चुकीचा माणूस टळेल, चुकीचा आकडा टळणार नाही. तो पाठवणाऱ्यालाच तपासावा लागतो. मोठी रक्कम पाठवताना अंकांबरोबर अक्षरांत दिसणारी रक्कमही वाचण्याची सवय लावून घेतली, तर पुढची सारी पायपीट वाचते.