शेतावर घर बांधताना जागेची निवड

आपल्याकडे जुन्या बोलण्यात गावाचे दोन भाग मानले जात. वस्तीची जागा ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी. पांढरी बहुधा उंचवट्यावर असे आणि काळी तिच्याभोवती सखल भागात पसरलेली असे. आता गावठाणात जागा उरली नाही, भाऊ वेगळे झाले, विहिरीवरील पंपाची व जनावरांची राखण करावी लागते, म्हणून पुष्कळ कुटुंबे शेतावर राहावयास येत आहेत. ते योग्यच आहे. परंतु जागा निवडताना बहुतेक वेळा रस्ता तेवढा पाहिला जातो. रस्त्याकडेचा तुकडा खोल काळ्या मातीचा निघाला, तर पिकाची जमीन जाते आणि घरही धड राहत नाही.

प्रथम जमिनीचा हिशेब पाहू. घर, अंगण, गोठा, उकिरडा व गाडीवाट मिळून पाच गुंठे सहज लागतात, म्हणजे एकराचा आठवा हिस्सा. सन २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी खातेदाराकडे १.३४ हेक्टर जमीन आहे. एवढ्यातून उत्तम पाच गुंठे काढून त्यावर विटा रचणे परवडणारे नाही. थोडीशी माती तयार होण्यास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात, आणि एकदा जोते बांधले की ती जमीन पुन्हा पिकाखाली येत नाही.

काळी माती घराला का सोसत नाही?

आपल्या पठारावरील काळी जमीन बेसॉल्ट म्हणजे काळ्या पाषाणापासून तयार झाली आहे. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण अनेकदा ४० ते ६० टक्के असते व त्या चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट गटाचे खनिज मुख्यत्वे आढळते. या खनिजाचे थर पोथीच्या पानांप्रमाणे एकावर एक असतात. पानांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, पाणी उडून गेले की आक्रसते. एप्रिल-मे महिन्यात पडणाऱ्या भेगा आपण दरवर्षी पाहतो. त्यात काठी मीटरभर आत जाते. पिकाच्या दृष्टीने हा गुणच आहे, कारण अशी जमीन ओल धरून ठेवते आणि त्याच ओलीवर रब्बी ज्वारी व हरभरा निघतो.

घराच्या बाबतीत मात्र अडचण अशी की, सगळी माती एकसारखी हलत नाही. घराच्या मधल्या भागाखालील ओल फारशी बदलत नाही, पण बाहेरच्या भिंतीखालची माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात खाली बसते. त्यात न्हाणीचे पाणी एका कोपऱ्यावर मुरत असेल तर तो कोपरा वर उचलला जातो. मग खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी तड निघते. गिलावा केला की ती झाकते, पुढच्या वर्षी पुन्हा उघडते. पावसाळ्यात दार घट्ट होते तेव्हा लाकूड फुगले असे म्हणतात. पुष्कळदा चौकटच हललेली असते.

आपल्या शेतात योग्य जागा कोठे सापडेल?

पठारी भागात सर्वसाधारणपणे माथ्यावर उथळ मुरमाड किंवा बरड जमीन असते, उतारावर मध्यम आणि ओढ्याकडे खोल काळी. ज्या तुकड्यावर बाजरी जेमतेम गुडघ्याएवढी होते, जेथे नांगराला मुरूम लागतो, तो तुकडा घरासाठी चांगला. दोन-तीन जागा मनात धरून प्रत्येक ठिकाणी मे महिन्यात दीड-दोन मीटर खोल खड्डा घ्यावा. मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजावे. खड्ड्याला काटेरी कुंपण घालून तो पावसाळाभर ठेवावा. ऑगस्टमध्ये पाऊस थांबल्यावरही त्यात आठवडाभर पाणी साचून राहत असेल, तर त्या जागी पाया नेहमी ओलाच राहणार. चार महिने थांबावे लागते हे खरे, पण ज्यात आयुष्याची बचत घालावयाची त्यासाठी चार महिने फार नाहीत.

मातीची फुगवण घरच्या घरी पाहता येते. एक मीटर खोलीवरची माती वाळवून, बारीक करून, चाळून घ्यावी. सरळ बाजूंच्या दोन सारख्या काचेच्या पेल्यांत सारखीच, तळाशी बोटभर उंचीची माती घ्यावी. एकात पाणी व दुसऱ्यात रॉकेल घालून ढवळावे आणि एक दिवस स्थिर ठेवावे. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातील थर रॉकेलातील थरापेक्षा दीडपट किंवा अधिक उंच दिसला, तर साधा पाया तेथे चालणार नाही असे समजावे. प्रयोगशाळेतील चाचणीही याच तत्त्वावर असते. रॉकेल हल्ली सहज मिळत नाही, पण पेलाभर पुरते.

पाण्याचे बोलणे जुन्या माणसांकडून ऐकावे. ओढ्याकाठच्या बाभळीच्या खोडावर अडकलेला पाचोळा पाणी कोठवर आले ते सांगतो. कृष्णा व पंचगंगा काठच्या लोकांनी ऑगस्ट २०१९ ची पातळी धरावी, सरासरी पावसाची नव्हे. कालव्याच्या खालच्या बाजूला पाझर येतो. तेथे जमीन चोपण होते आणि क्षार भिंतीत चढून विटा व गिलावा सुटतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी तर प्रश्न जिवाचा आहे. माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१) व इरशाळवाडी (१९ जुलै २०२३) या तिन्ही ठिकाणी मुसळधार पावसात डोंगर वस्तीवर आला. उतारावर आडव्या भेगा, कललेली झाडे, नव्याने फुटलेला किंवा एकाएकी गढूळ झालेला झरा दिसला, तर ती जागा सोडावी.

वास्तुशास्त्राप्रमाणे दिशा पाहण्यास आमची हरकत नाही. मात्र पाण्याच्या वाहण्याची दिशा आधी पाहावी. पिण्याची विहीर वरच्या अंगाला असावी व शौचालयाचा खड्डा खालच्या अंगाला, किमान १५ मीटर दूर. फुटक्या खडकातून घाण पाणी लवकर पोहोचते, म्हणून अंतर अधिक ठेवता आले तर ठेवावे. पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणून गोठा व उकिरडा घराच्या पूर्वेस असलेला बरा. जागा कायम करण्यापूर्वी घरातील स्त्रियांना ती दाखवावी. पाणी किती लांबून आणावे लागेल, मुले शाळेत कोणत्या वाटेने जातील, रात्री-अपरात्री आजारी माणसाला पाणंदीच्या चिखलातून कसे न्यावयाचे, हे प्रश्न त्या विचारतात आणि ते रास्त असतात.

कागदपत्रांबाबत थोडक्यात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये शेतकऱ्यास शेतीच्या सोयीसाठी शेतावर इमारत बांधण्याची तरतूद आहे, परंतु शहरालगतच्या भागात बंधने आहेत. म्हणून तलाठी व ग्रामपंचायत यांच्याकडे आधी चौकशी करावी. सातबारा सामाईक असेल तर वाटणी व येण्याजाण्याची वहिवाट लेखी करून घ्यावी आणि मगच पाया खोदावा.

सगळेच शेत काळे असेल तर? मुरूम दोन मीटरच्या आत असल्यास पाया मुरमापर्यंत न्यावा व पायाच्या दोन्ही बाजूंस काळी माती न भरता मुरूम दाबून भरावा. काळी माती फारच खोल असल्यास रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब साधारण साडेतीन मीटर खोल घालतात. ते काम अभियंत्याच्या सल्ल्यानेच करावे. घराभोवती दीड मीटर रुंद, बाहेर उतार असलेली फरशी घालावी आणि न्हाणीचे पाणी पाटाने परसबागेत दूर न्यावे. मोठी झाडे भिंतीजवळची ओल ओढून घेतात. तेव्हा कडुनिंब, चिंच, निलगिरी ही झाडे पूर्ण वाढल्यावर जेवढी उंच होतील तेवढ्या अंतरावर लावावीत. तुळस व जास्वंद दाराशी असण्यास हरकत नाही.