बचत गटाचा हप्ता आणि रोजचं चालणं

शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात शेतकऱ्याचा पैसा महिन्याला येत नाही. ऊस कारखान्याला जातो, बिल निघतं, तेव्हा येतो. तोवर किराणा उधारीवर, सोनं गहाण. अशा माणसाला ‘पुढच्या तब्येतीसाठी आज व्यायाम करा’ हे पटत नाही, म्हणून त्याला आळशी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

2013 साली ‘सायन्स’मध्ये तमिळनाडूच्या ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यास छापून आला. विचारशक्तीच्या चाचण्यांत तेच शेतकरी तोडणीआधी, पैशाची चणचण असताना, मागे पडले आणि पैसे हाती आल्यावर सुधारले. ओढाताणीतच डोकं गुंतलं, तर उद्याचा विचार कुठून होणार?

बचत आणि व्यायाम, दोन्हींची झळ आज बसते, फळ मात्र वर्षांनी मिळतं. 2014 मधल्या एका अमेरिकी अभ्यासात निवृत्तीसाठी पैसे बाजूला टाकणाऱ्या कामगारांनी रक्ततपासणीत दोष कळल्यावर तब्येत इतरांपेक्षा जास्त सुधारली.

आपल्याकडच्या बचत गटात तारीख ठरलेली, वही उघडी, हप्ता सगळ्यांसमोर. एकटीचा निश्चय ढळतो, तिथे गट सावरतो. बैठकीला जोडून बायकांनी मिळून चालायला जाणं म्हणूनच करून पाहण्यासारखं आहे.

अर्थात, दिवसभर खुरपणाऱ्या बाईला वेगळ्या व्यायामाचा उपदेश नको. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम हालचाल सुचवते, आणि त्यात कामातली हालचालही धरते. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळीभर एका जागी बसून काम करणाऱ्याची गरज वेगळी. त्याला वेळ आणि चालायला सुरक्षित रस्ता आधी हवा.