पुस्तकातला काळा-पांढरा चौकोन

शिरढोणहून आम्ही बोलतोय.

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या आणि विषय निघाला पोरांच्या मोबाईलचा. एक ताई म्हणाली, "मोबाईल दिल्याशिवाय घास उतरत नाही." दुसरी म्हणाली, "अभ्यास करतोय सांगतो, जाऊन बघते तर कार्टून." मग आम्ही तिसरीचं बालभारतीचं पुस्तक मागवलं आणि पहिल्या पानावरचा काळा-पांढरा चौकोन दाखवला. बऱ्याच जणींना ती छपाईची खूण वाटत होती. भाजीवाल्याला पैसे देताना आपण स्कॅन करतो तसाच हा क्यूआर कोड. इथे पैसे जात नाहीत, धडा उघडतो. त्यासाठी 'दीक्षा' नावाचं ॲप मोबाईलमध्ये घ्यायचं, ते फुकट आहे. त्यातूनच स्कॅन करायचं. मग त्या पुस्तकाच्या धड्यांवरचं ऐकण्या-बघण्याचं साहित्य समोर येतं.

हा चौकोन पुस्तकात यायला एका खेडेगावातल्या शाळेचा हात लागला आहे. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले गुरुजी आले, तेव्हा शाळेची इमारत पडकी होती आणि शेजारी गुरांचा गोठा. त्यांनी पाठ्यपुस्तकाला असे कोड जोडले. मुलं कोड स्कॅन करून कविता ऐकायची, धडा बघायची, स्वाध्याय सोडवायची. पुढे २०१७ साली राज्य सरकारने सगळ्याच इयत्तांच्या पुस्तकांत कोड आणायचं जाहीर केलं. डिसले गुरुजींना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. बक्षीस दहा लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे सात कोटींच्या आसपास रुपये. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. आमच्या बैठकीत या वाटण्यावरच जास्त वेळ बोलणं झालं, ते असो.

पण नुसता कोड उघडून मूल व्हिडिओ बघत बसलं, तर तो टीव्हीच झाला. आपण बघायचं ते एवढंच, की मुलाला स्वतः काही करावं लागतंय का? बोट लावून जोडी जुळवणं, उत्तर निवडणं, मोठ्याने वाचणं. चुकलं तर लगेच कळतं, पुन्हा करता येतं आणि वर्गात हसतात तसं कोणी हसत नाही. बुजरी मुलं इथे मोकळी होतात, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलं.

'रीड अलाँग' हे गूगलचं वाचनाचं ॲप मराठीतही आहे. मूल गोष्ट मोठ्याने वाचतं आणि त्यातली दिया नावाची मुलगी ऐकते. शब्द अडला तर त्यावर बोट ठेवायचं, ती म्हणून दाखवते. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की नेटशिवाय चालतात, म्हणजे रोजचा डेटा वाचतो. एक अडचण मात्र आली. आपल्याकडची पोरं आगरीत 'पानी' म्हणतात आणि पुस्तकात 'पाणी' असतं. एक पोरगी त्याच शब्दावर तीनदा अडली आणि रडकुंडीला आली. तिला आम्ही सांगितलं, "तुझं चुकलं नाही. घरचं बोलणं घरचं, पुस्तकातलं पुस्तकातलं. दोन्ही येऊ देत." असं वेळेवर सांगायला माणूस जवळ हवं. पोराच्या हातात मोबाईल देऊन चुलीकडे वळलात, तर ते दोन मिनिटांत कार्टूनवर जाणार.

आता खरी गोष्ट. घरात चांगला मोबाईल एकच. तो दिवसभर बाप्याबरोबर कामाला जातो. संध्याकाळी आला की आधी मुलाच्या हातात, आणि मुलगी तेव्हा भांडी घासत असते. हे आमच्याही घरात होत होतं, उगाच कशाला लपवा? म्हणून गटात ठरवलं की ओटीवर चार-पाच पोरं एकत्र बसवायची, मोबाईल एक. प्रश्न आला की आधी सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहायचं, मग एकाने बोट लावायचं. मोबाईल धरायची पाळी रोज बदलते आणि पहिली पाळी मुलीची. अर्धा तास झाला की बंद. ज्या ताईंना वाचता येत नाही त्यांनीही शेजारी बसावं आणि शेवटी पोराला विचारावं, "काय झालं गोष्टीत?" त्याला सांगता आलं, तर समजलं.

इंटरनेट गेलं तरी एक काम होतं. आपल्या गावात ४ नोव्हेंबर १८४५ ला वासुदेव बळवंत फडके जन्मले, त्यांचा वाडा इथेच आहे. चौथीच्या पोरांनी तिथे जाऊन काय दिसलं ते मोबाईलच्या रेकॉर्डरवर आपल्या आवाजात सांगितलं, अगदी आगरीत. मग एकमेकांना ऐकवून त्यावर प्रश्न विचारले. याला ॲप लागलं नाही, डेटाही नाही.

पुढच्या बैठकीला येताना पोराचं पुस्तक घेऊन या आणि मोबाईल चार्ज करून आणा. 'दीक्षा' तिथेच टाकून देऊ. ज्यांच्याकडे साधा मोबाईल आहे त्यांनीही पोरांना आणावं, ओटीवर जागा आहे.