हात बसतो कुठे?

मी डोळे आखतो. साच्यातून मूर्ती काढणारे वेगळे, हात-सोंड जोडणारे वेगळे, बॉडी कलर मारणारे वेगळे. हमरापुरात आणि शेजारच्या जोह्यात घराघरांत गणपतीचा कारखाना, पण आखणीला बसणारे मोजकेच. शून्य नंबरचा ब्रश, करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवलेली, श्वास रोखलेला. वरच्या पापणीची रेघ एका दमात गेली पाहिजे. मध्ये हात थांबला की तिथे गाठ दिसते.

हे मला नानांनी शिकवलं. ‘एकदा हात बसला की डोकं चालवायचं नाही,’ हे त्यांचं नेहमीचं. मी तीस वर्षं ते खरं मानून चाललो. मग एका आषाढात, भर आखणीत, नानांच्या हातून ब्रश गळून पडला. उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उजवा हात लोळागोळा. कोणीतरी म्हणालं, अंगावरून वारं गेलं. कोणी तेल आणायला धावलं. त्या धावपळीत तास-दीड तास गेला. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तेलाची बाटली बाजूला ठेवून आधी 108 ला फोन करायचा असतो, हेही.

पेणच्या डॉक्टरांनी पावतीच्या मागे चित्र काढून दाखवलं. म्हणाले, ‘हाताला काही झालेलं नाही. हात ठणठणीत आहे. गेलंय ते इथे,’ आणि पेन डोक्याच्या डाव्या बाजूला टेकवलं. उजवा हात आणि डावी बाजू? मेंदू जिथे मानेकडे उतरतो त्या लंबमज्जेत हालचालीचे बहुतेक धागे बाजू बदलतात, म्हणून. बोलण्याची केंद्रंही बहुतेकांची डावीकडेच असतात, म्हणून नानांची वाचाही गेली.

तेव्हापासून मी ब्रश उचलला की हे चित्र आठवतं. मूर्तीचा चेहरा मी डोळ्यांनी बघतो खरा, पण दिसतो तो डोक्याच्या पार मागच्या बाजूला. रेघ कुठून कुठे न्यायची ते कपाळामागे ठरतं. हुकूम सुटतो मोठ्या मेंदूच्या एका पट्टीतून, जी कानापासून टाळूकडे हेअरबँडसारखी चढते. तिथून लंबमज्जा, तिथून मज्जारज्जू. करंगळीएवढी जाड, पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास लांब अशी ही दोरी आडवी कापली तर आत करडं फुलपाखरू दिसतं: त्यात पेशी, आणि भोवती पांढऱ्या धाग्यांचा काथ्या. तिच्यातून नसांच्या 31 जोड्या बाहेर पडतात. हाताच्या वाट्याला मानेतल्या खालच्या चार आणि छातीतली पहिली. वेगवान धाग्यांतून निरोप सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास धावतो, म्हणजे माझ्या डोक्यातून बोटापर्यंत पोचायला त्याला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

काही कामं तर मज्जारज्जू वर न विचारताच उरकते. चहाच्या तापलेल्या टोपाला बोट लागलं की हात आधी मागे येतो, ‘आई गं’ नंतर.

हुकूम सोडणाऱ्या त्या पट्टीचा नकाशा काढला मॉन्ट्रियलच्या डॉक्टर वाइल्डर पेनफील्ड यांनी. ते फेफऱ्याच्या रोग्यांना जागं ठेवूनच शस्त्रक्रिया करत. उघड्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करायचा आणि शरीरात काय हलतं ते टिपायचं. त्यांच्या नकाशावरून माणसाची आकृती काढली तर अंगठा आणि ओठ अवाढव्य, जीभ लांबलचक, धड एवढंसं. असा साचा हमरापुरात कोणी विकत घेणार नाही. पण आखणीवाल्याला तो पटतो.

आणि नानांचं ते ‘हात बसणं’? ते घडतं मागे, मानेच्या वर, लहान मेंदूत. ठरवलेली रेघ आणि प्रत्यक्ष गेलेली रेघ यांतला फरक तो दर वेळी मोजतो आणि पुढची सुधारतो. माणसाच्या मेंदूत 8,600 कोटी चेतापेशी, त्यांतल्या जवळजवळ 6,900 कोटी या मुठीएवढ्या भागात. आमच्या देवाचं डोकं हत्तीचं, म्हणून मुद्दाम चौकशी केली: आफ्रिकी हत्तीच्या 25,700 कोटी पेशींतल्या शंभरात अठ्ठ्याण्णव लहान मेंदूतच. कदाचित सोंडेमुळे, असं जाणकार म्हणतात. मला तर त्यात शंका वाटत नाही; सोंडेची वळणं रंगवणाऱ्यालाही घाम फुटतो.

माझंही एक दुखणं आहे. मांडी घालून पाटावर दहा-दहा तास बसून कमरेतून डाव्या पोटरीपर्यंत कळ जाते. मज्जारज्जू दबली, आता लुळा पडणार, म्हणून मी घाबरलो होतो. एमआरआय बघून डॉक्टर हसले. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपते. खाली घोड्याच्या शेपटीसारख्या सुट्या नसा लोंबतात. माझी गादी सरकली ती चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली, दबली ती एक नस. आता पाटाऐवजी स्टुलावर बसतो आणि तासातासाला उठतो. मालक कुरकुरतो.

नाना मात्र येतात. वॉकर धरून, गणपतीच्या आधी रोज. व्यायामाने पाय बराच परतला, बोटं नाही. भिंतीला टेकून खुर्चीत बसतात. शब्द दोन-तीनच फुटतात. गेल्या वर्षी एका तीनफुटी मूर्तीचे डोळे आखून मी ती सुकायला सरकवणार, तोच त्यांनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा ठोकला.

‘डावा,’ म्हणाले. मग बराच वेळ ओठ हलले. ‘खाली.’

मला काही दिसेना. आरसा आणून मूर्ती उलटी पाहिली. डावं बुबुळ अर्ध्या तांदळाएवढं खाली उतरलं होतं. ओल्या फडक्याने पुसलं आणि पुन्हा ब्रश भरला. नानांनी खुर्ची पुढे ओढायला सांगितली.