कोलेस्टेरॉलची गोळी : छाप नव्हे, आतला माल पाहा

गिऱ्हाईकाला आपण सांगतो, छाप पाहू नका, सूत पाहा. औषधाच्या दुकानात मात्र आपणच छाप पाहून पैसे मोजतो. कोलेस्टेरॉलची गोळी बहुधा जन्मभर घ्यावी लागते. खर्च जड झाला की ती गुपचूप बंद होते. धोका तेथेच आहे.

या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात. जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी १९७३ साली बुरशीतून पहिले स्टॅटिन शोधले. १९९४ साली उत्तर युरोपातील ४,४४४ हृदयरुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी आढळले.

सर्व स्टॅटिनचे काम एकच : यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्यास अटकाव करणे. फरक ताकदीचा आहे. ॲटोर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅममध्ये जेवढे काम होते, तेवढ्यासाठी सिम्वास्टॅटिन २० ते ४० लागते. रोसुव्हास्टॅटिन ५ पुरते. म्हणून निरनिराळ्या औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. मात्रा दुप्पट केल्याने फायदाही दुप्पट होत नाही. वाईट कोलेस्टेरॉल साधारण ६ टक्केच आणखी उतरते. सिम्वास्टॅटिन रात्री घ्यावे. बाकीची दोन कोणत्याही ठराविक वेळी चालतात.

आता भावाचे पाहू. आपल्या देशात २००५ पूर्वी औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नसे. त्यामुळे ॲटोर्व्हास्टॅटिन अनेक देशी कंपन्या बनवू लागल्या. औषध तेच, मात्रा तीच, पण पाकिटावरील नावागणिक भाव निराळा. जनऔषधी केंद्रात ते मूळ नावाने स्वस्तात मिळते. डॉक्टरांना मूळ नाव लिहून देण्यास सांगण्यात संकोच कसला? मात्र एक स्टॅटिन सोडून दुसरे घ्यायचे असेल, तर ते डॉक्टरांनीच ठरवावे.

कारागीर बंधूंसाठी एक गोष्ट महत्त्वाची. या गोळीने काहींचे स्नायू दुखतात. दिवसभर माग चालवणाऱ्याचे किंवा ओझे उचलणाऱ्याचे अंग तसेही दुखतेच. त्यामुळे दोष गोळीचा की कामाचा, हे आपले आपण ठरवू नये. दुखणे फार असेल, अशक्तपणा वाटला किंवा लघवी गडद झाली, तर त्वरित डॉक्टरांना गाठावे. पुष्कळदा मात्रा कमी करून किंवा दुसरे स्टॅटिन देऊन काम भागते.

कोलेस्टेरॉल वाढले तरी बहुधा काही जाणवत नाही. म्हणून बरे वाटते या कारणाने गोळी सोडणे हा घाट्याचा सौदा होय.