गुरांच्या ढेकरांचा दरडोई हिशोब

गुरे आणि हवामानबदल हा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. एक, 'सगळं आपल्या गुरांमुळेच होतंय.' दुसरे, 'आपला त्यात काय संबंध?' दोघांच्याही हातात खरा आकडा असतो, पण त्याला कशाने भागायचे हे कोणी विचारत नाही.

गैरसमज : भारतात गुरे भरमसाट, म्हणून मिथेनमधला दरडोई वाटाही आपलाच मोठा.

वस्तुस्थिती : गुरे भरपूर आहेत. 2019च्या पशुगणनेत गाय-बैल आणि म्हशी-रेडे मिळून 30 कोटींच्या वर भरले. भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या 2016च्या हिशोबानुसार जनावरांच्या पचनातून वर्षाला सुमारे 1 कोटी 6 लाख टन मिथेन सुटतो. तो सव्वाशे कोटींहून अधिक माणसांत वाटला की माणशी 8 किलो येतात. जगाची सरासरी 13 किलोंच्या आसपास आहे, तर न्यूझीलंडमध्ये हा आकडा 200 किलोंच्या पुढे जातो. म्हणजे एकूण बेरजेत आपण पहिल्या रांगेत आणि दरडोईत सरासरीच्याही बरेच खाली.

गैरसमज : दरडोई आकडा म्हणजे तिथल्या माणसाच्या खाण्यापिण्याचा हिशोब.

वस्तुस्थिती : हा वायू गुरे जिथे उभी आहेत त्या देशाच्या नावावर लागतो, दूध कोण पितो हे पाहिले जात नाही. न्यूझीलंडची लोकसंख्या 50 लाखांच्या थोडी वर आहे. तिथे गाई-गुरे सुमारे 1 कोटी आणि मेंढ्या दोन कोटींहून अधिक आहेत. तिथले जवळपास 95 टक्के दूध पावडर, लोणी, चीज होऊन परदेशी जाते. भारतात नेमके उलटे आहे. 2022-23मध्ये इथे 23 कोटी टन दूध झाले, जगात सर्वाधिक, आणि ते जवळजवळ सगळे इथल्याच चहात, दह्यात आणि तुपात संपले.

गैरसमज : मिथेन मुख्यतः शेणातून येतो.

वस्तुस्थिती : संध्याकाळी गोठ्यात निवांत बसलेल्या गाईच्या मानेकडे पाहा. चावलेला घास खाली सरकतो, क्षणभर जबडा थांबतो आणि दुसरा गोळा वर येतो. पोटाच्या पहिल्या कप्प्यात सूक्ष्मजीव कडबा कुजवत असतात, तिथेच मिथेन तयार होतो आणि बहुतांश तोंडावाटे, ढेकरेतून बाहेर पडतो. उन्हात वाळलेल्या गोवरीतून तो फारसा निघत नाही. पाण्यात साचून हवाबंद कुजणाऱ्या शेणातून मात्र बराच निघतो, आणि गोबरगॅसमध्ये आपण पकडून जाळतो तो हाच.

गैरसमज : दरडोई वाटा कमी, म्हणजे आपण सुटलो.

वस्तुस्थिती : आता माणसांऐवजी लिटरने भागा. दिवसाला 3 लिटर देणाऱ्या तीन गाई आणि 9 लिटर देणारी एक गाय, दूध सारखेच. पण त्या तिघींना आधी जगण्यापुरते खावे लागते. मोठ्या गाईची ढेकर त्यांतल्या एकीपेक्षा जास्त, तिघींच्या बेरजेपेक्षा मात्र बरीच कमी. त्यात लांबलेला भाकड काळ धरला की आपल्याकडे लिटरमागचा मिथेन चढाच राहतो.

उपाय गुरे हाकलण्यात नाही. संतुलित खुराक, हिरवा चारा, खनिज मिश्रण, वेळेवर गाभण राहणे आणि रोगावर वेळीच उपचार, हे दूध संघांचे पशुवैद्य सांगतच असतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने 'हरित धारा' नावाचे खाद्यपूरकही तयार केले आहे, आणि त्याने मिथेन 17 ते 20 टक्के घटतो असे संस्था सांगते.

गोठेमालकाला हवामानाची चिंता नसली तरी हा हिशोब त्याच्या कामाचा आहे. जनावर जे खाते त्यातली साधारण 6 टक्के ऊर्जा मिथेन होऊन उडून जाते. सरकी पेंडेचे पैसे मात्र त्याने पूर्ण पोत्याचे मोजलेले असतात.