सातवर माझं नाव, बारावर त्याची ज्वारी

मंडळी, आमचं शॉमबर्ग सरकारदरबारी अजूनही ‘व्हिलेज’, म्हणजे खेडंच! जर्मन शेतकऱ्यांनी वसवलेलं. १९७१ मध्ये इथे वुडफिल्ड मॉल उघडला, हळूहळू शेतं गेली. १८८०च्या काळातली शेती आता व्होल्कनिंग हेरिटेज फार्मवर बघायला मिळते.

तिथेच मुलांना गायी दाखवत होते, तेवढ्यात बार्शीजवळच्या आमच्या गावाहून धाकट्याचा फोन. “ताई, आप्पांच्या जमिनीला वारसनोंद झाली. तुझंही नाव लागलंय. हक्कसोड करतेस का?”

पोटात कालवलं. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. शिवाय आपल्यासारख्या परदेशस्थांना शेतजमीन वारशानं मिळते, पण एरवी विकत घेता येत नाही. एकदा सोडली की सोडली.

रात्री ऑनलाइन सातबारा उघडला. गाव नमुना सात म्हणजे हक्क, बारा म्हणजे पीक. सातवर आम्हा दोघांची नावं. बारावर ज्वारी. ती पेरणारा मात्र तो एकटाच; मी वीस वर्षांत खुरपं हातात धरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला म्हटलं, “नाव राहू दे. पीक सगळं तुझं, तसं लिहून देते.”

“आणि पीककर्जाला तुझी सही लागली तर?”

“शिकागोच्या वकिलातीतून कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवते. पण त्यात विक्रीचा अधिकार नसेल हं.”

तो जरा वेळ गप्पच होता. मग म्हणाला, “बरं. यंदा हुरड्याला तरी ये.”

तिकीट काढलंय.